खारूच्या चांदण्या

भेटीच्या खोलीत भेटवस्तू आणायला बंदी होती. भिंतीवर तसा कागदच चिकटवलेला होता, नियम चौथा: खेळणी नाहीत, खाऊ नाही, कपडे नाहीत, पैसे नाहीत. का, तर वेगळे झालेले बाप वस्तू देऊन पोरांना फितवतात म्हणे. हा नियम लिहिणाऱ्याला कोणी विचारलं नाही की बाबा रे, महिन्यातून एकदा दीड तास भेटणाऱ्या बापाने पोरीला द्यायचं तरी काय? स्वतःचं थोबाड?

चेकर पाच महिने तेच देत आला होता. दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता, सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, दाढी घोटून, धुतलेला शर्ट घालून तो त्या खोलीत बसायचा आणि समोर त्याची सात वर्षांची पोर बसायची. मधे टेबल. कोपऱ्यात वही घेऊन बसलेली एक बाई. बाई अधूनमधून काहीतरी लिहायची. तिचं पेन हललं की चेकर बोलता बोलता अडखळायचा, कारण आपण नक्की काय केलं म्हणून ती लिहितेय हे त्याला कधीच कळायचं नाही. नाक खाजवलं म्हणून? पोरीला "अभ्यास कसा चाललाय" हे तिसऱ्यांदा विचारलं म्हणून?

बाई का बसवली होती ते लपवण्यात अर्थ नाही. दोन वर्षांपूर्वी भांडणाच्या भरात त्याने पाण्याचा पेला भिंतीवर फेकून मारला होता. बायकोवर नाही, पोरीवर तर नाहीच, भिंतीवर. पेला भिंतीवरून उसळला आणि दारात उभ्या असलेल्या पोरीच्या भुवईला लागला. तीन टाके. कोर्टात तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला की मी भिंतीवर मारला होता. खरंच होतं ते. पण टाके भिंतीला पडले नव्हते.

वर्षभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यावर सहा भेटी मिळाल्या, बाईच्या डोळ्यांसमोर. सहाव्या भेटीनंतर बाई अहवाल देणार. अहवाल चांगला आला तर नाताळच्या दिवशी पोर सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत त्याच्या घरी येणार. बाई नाही, वही नाही, टेबल नाही. आठ तास. नाही आला, तर पुन्हा अर्ज, पुन्हा वकील, पुन्हा तारखा. आणि पोरं काही तारखांसाठी वाढायची थांबत नाहीत.

पाचव्या भेटीच्या शेवटी बाईच म्हणाली, "तुम्ही दोघं नुसते एकमेकांकडे बघत बसता. मला लिहायला काही मिळत नाही. पुढच्या वेळी मिळून काहीतरी करा."

"काय करू, मॅडम?"

"नाताळ येतोय. सजावट करा. साधीच. पुठ्ठा, कागद, लोकर, घरात पडलेलं काहीही. विकत आणू नका, ते भेटवस्तूत जाईल. आणि कात्री माझ्या कपाटातली वापरायची."

चेकरला वाटलं, बाईच्या तोंडात साखर पडो. पुठ्ठा! उभ्या आयुष्यात त्याने दुसरं काय केलं होतं?

तो खोक्यांच्या कारखान्यात होता. पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला उभं राहायचं आणि येणारं प्रत्येक खोकं तपासायचं. त्यावरून त्याचं नाव चेकर पडलं ते इतकं पक्कं, की घरमालकही त्याच नावाने हाक मारायचा. मिनिटाला चाळीस खोकी. उजव्या हाताने उचलायचं, बोटांनी चारी कोपरे चाचपायचे, सरळ असेल तर पुढच्या थप्पीवर. घडी वाकडी असेल, कडेला डिंक सुटला असेल, तर डाव्या हाताने बाजूच्या पिंपात. कामावर लागला त्या दिवशी मुकादमाने त्याला एकच गोष्ट शिकवली होती. "डोळ्यांनी बघायचं नाही. हातांनी बघायचं. विचार करत बसलास की तोवर चार खोकी पुढे गेली." अकरा वर्षं झाली त्याला. आता त्याचे हात त्याला विचारायचेही नाहीत. तो शेजाऱ्याशी गप्पा मारायचा, जांभया द्यायचा, घरचं टेन्शन घोकत बसायचा, आणि डावा हात आपला टप, टप, वाकडी खोकी पिंपात टाकत राहायचा.

आणि कशाची खोकी, तर खेळण्यांची. कुठल्याशा घरात एखादी पोर खोकं फाडणार, आतली बाहुली काढणार आणि खोकं कचऱ्यात देणार. पण कचऱ्यात जाण्याआधी ते काटकोनात असायलाच पाहिजे. त्यासाठी एका माणसाची अकरा वर्षं गेली तरी चालतील.

डिंकाच्या यंत्रावरचा त्याचा सोबती, ज्याला सगळे डिंक्या म्हणत, तो जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "काय रे, कातरणीच्या ढिगात उकिरड्यावरच्या कोंबडीसारखा काय उकरतोयस?"

"पातळ पुठ्ठा हवाय. पोरीबरोबर चांदण्या करायच्यात."

"चांदण्या?" डिंक्याने घास खाली ठेवला. "अरे, तुला बायकोनं रिजेक्ट केलं तेव्हापासून डोक्यावर परिणाम झालाय तुझ्या."

"तिनं एकदाच केलं. मी दिवसाला दोनशे करतो."

"मग तिचा हात तुझ्याहून चांगला आहे. एका फटक्यात माल ओळखला."

दोघेही हसले. पण सुट्टी संपल्यावर डिंक्याने गुपचूप एक डबी आणून दिली, पांढऱ्या डिंकाने काठोकाठ भरलेली. "लवकर सुकतो हा. पोरीला सांग, बोटं तोंडात घालू नको. आणि तू जरा माणसासारखा वाग तिथं. हस वगैरे. दात आहेत ना अजून?"

महिनाभर त्याने पिशवी भरली. पातळ पुठ्ठा, चॉकलेटांचा चंदेरी कागद, आइस्क्रीमच्या काड्या धुऊन वाळवलेल्या, जुन्या स्वेटरची उसवलेली लाल लोकर, शर्टांची तुटकी बटणं, सुतळी. घर घासून पुसून काढलं. घर म्हणजे एकच खोली, पण तिचा कोपरा न् कोपरा. रस्त्याकडेला झाडं छाटली होती तिथून एक भलीमोठी फांदी खांद्यावर टाकून आणली आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून खिडकीशी उभी केली. पान नाही, फूल नाही, नुसती फांदी. ती तशीच बोडकी ठेवायची होती. सजावट पोरीच्या हाताने. भेटीच्या खोलीत चांदण्या करायच्या, पिशवीत भरून घरी न्यायच्या, आणि नाताळच्या सकाळी पोरीने येऊन एकेक लावायची. असा सगळा बेत. दिवसातून दहादा तो मनात ती फांदी सजवायचा आणि दहादा मोडायचा.

सहाव्या भेटीला पोरीची आई तिला दारापर्यंत सोडायला आली. ती चेकरशी थेट बोलत नसे. पोरीच्या डोक्यावरून बोलायची. "बाबांना सांग, सर्दी आहे मला, पाण्यात खेळायला लावू नका."

"पाण्याचं काही नाहीये," चेकर म्हणाला. "पुठ्ठ्याचं आहे."

"त्यांना सांग, पुठ्ठ्याचं कळलं आम्हाला. जन्मभर तेच ऐकलं." आणि जाता जाता पोरीला, "रुमाल खिशात आहे. साडेपाचला खाली उभी आहे मी."

पोर येऊन समोरच्या खुर्चीवर बसली. लहानपणी दोन्ही हातांत धरून काहीही कुरतडत बसायची म्हणून चेकर तिला खारूताई म्हणायचा. आता समोरचे दोन दात पडलेले, कुरतडायचीही सोय नाही. दोन वर्षांत ती त्याला "अहोजाहो" करायला लागली होती, दूरच्या काकाला करावं तसं. त्याने कधी तिला टोकलं नाही. कुठल्या तोंडाने टोकणार?

"हे काय आणलंत, बाबा?"

"कारखाना," तो म्हणाला आणि पिशवी टेबलावर उपडी केली.

ते बरं जमलं. पोर हसली. बाईने कपाटातून कात्री काढून दिली, प्लास्टिकची, बोथट, लोण्यालाही लाजणारी. शेजारी एक कचऱ्याची टोपली आणून ठेवली. "कातरण खाली पडू देऊ नका. साडेपाचला दुसरं कुटुंब येतं." टोपली चेकरच्या डाव्या हाताला आली. बाईने मुद्दाम नाही ठेवली. जागा तिथेच होती.

आधी त्याने लोकरीचा गोंडा करून दाखवला. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, मधे भोक, भोकातून लोकर गुंडाळत राहायची, मग कडेने कापायची. कात्रीने लोकर कापेना, तेव्हा पोरीने पडलेल्या दातांच्या बाजूने दाढांत धरून तोडली. "बघा, खार आहे ना मी!" गोंडा झाला, फुगीर, लाल, एका बाजूला टक्कल पडलेला.

"हा मुकादम," चेकर म्हणाला.

"मुकादम म्हणजे?"

"म्हणजे ज्याला काम कमी आणि केस त्याहून कमी."

पोर खदखदून हसली, इतकी की सर्दी नाकातून बाहेर आली आणि रुमाल शोधेपर्यंत दोघांची धांदल उडाली. कोपऱ्यात बाईचं पेन हललं. चेकरने चोरून पाहिलं. बाईही हसत होती.

मग चेकरने काड्यांचे दोन तारे केले, चंदेरी कागदाचा एक गोळा केला, आणि करता करता पोरीला घरच्या खिडकीशी उभ्या केलेल्या बोडक्या फांदीचं सांगितलं. आणि मग चांदण्या. पोर म्हणाली, कापणार मीच. तिने पेन्सिलीने पहिली चांदणी काढली, पाच टोकांची काढायला गेली आणि सहा झाली. बोथट कात्रीने पुठ्ठा कापायचा म्हणजे पोरीचं सगळं अंग कामाला लागायचं, जीभ बाहेर, भुवया वर, खुर्चीवर गुडघे. कापून झाली की ती टेबलावरून सरकवायची. चेकर उचलायचा, डिंक लावायचा, चंदेरी कागद बसवायचा, सुतळी ओवायचा आणि उजवीकडे ठेवायचा.

"ही चांदणी आहे की बेडूक?" तिने दुसरीबद्दल विचारलं.

"बेडूकच. पण मोठ्या घरचा आहे. चंदेरी कोट घालू त्याला."

"बाबा, ही सगळ्यात वर लावू या? फांदीच्या टोकाला?"

"लावू की."

"माझा हात नाही पुरणार."

"मी उचलेन ना तुला."

"उचलशील तू? मी जड झालेय."

उचलशील, म्हणाली ती. तू, म्हणाली. चेकरच्या हातातली सुतळी तिथल्या तिथे थांबली. पोरीला कळलंही नव्हतं, ती आपली कात्रीशी झटत होती. त्याला वाटलं, झालं. जिंकलो. आता बाईने वहीत काय वाटेल ते लिहावं, पोर आपल्या घरी येणार.

आणि तिथेच तो बेसावध झाला. सुखाने माणूस जेवढा बेसावध होतो तेवढा दुःखाने होत नाही.

पहिल्या चार चांदण्या त्याने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. आता तो डोळ्यांनी पोरीला पाहू लागला आणि बोलू लागला. नाताळला काय काय करायचं, खिडकीतून कसं समोरचं मैदान दिसतं, तिच्यासाठी गादीवर नवी चादर कशी घातलीय, खालच्या मजल्यावरच्या मांजरीला कशी तीन पिल्लं झालीत आणि त्यातलं एक कसं रोज त्याच्या दारात येऊन म्यांव करतं. पोर कापत होती, ऐकत होती, विचारत होती. "कोणत्या रंगाचं? नाव काय ठेवलंस?" आधीच्या चांदण्यांना डिंक, कागद, सुतळी. त्याचे हात चालले होते. हातांना लय सापडली होती.

पाचव्या चांदणीला पोरीने बराच वेळ लावला. ती तिने दोन पुठ्ठे चिकटवून जाड केली, मधोमध निळं बटण लावलं, मागच्या बाजूला पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. एक टोक लांब झालं होतं, एक पार बसकं, आणि कडेने डिंक ओघळला होता. तिने ती दोन्ही हातांनी टेबलावरून त्याच्याकडे सरकवली.

"करडं आहे, शेपटी तेवढी पांढरी," चेकर सांगत होता, पोरीच्या डोळ्यांत बघत. "तू आलीस की आपण त्याला–"

उजव्या हाताने चांदणी उचलली. बोटांनी कडा चाचपल्या. डाव्या हाताने ती टोपलीत टाकली.

टप.

"–दूध देऊ," त्याने वाक्य पूर्ण केलं. त्याला काही कळलंच नव्हतं.

पोर टोपलीकडे बघत होती. आधी त्याला वाटलं, तिचं काही पडलं. मग त्याने तिच्या नजरेमागोमाग खाली पाहिलं. टोपलीत कुणीतरी अर्धा प्यायलेला चहाचा कागदी कप टाकला होता. चांदणी त्यावर पडली होती आणि चहा पीत होती.

त्याने झडप घालून ती बाहेर काढली, शर्टाला पुसली. पुठ्ठा भिजून दोन पदर सुटे झाले. बटण ओघळलं. मागे पेन्सिलीने लिहिलेलं होतं ते पुसट झालं होतं तरी वाचता येत होतं. "बाबाच्या घरी लावायची."

"चुकून झालं गं," तो म्हणाला. "चुकून. अगदी चुकून."

"वाकडी होती ना?"

"नाही, नाही, छान होती!"

"होती वाकडी. एक पाय मोठा होता." पोर रडत नव्हती. रडली असती तर त्याने तिला जवळ घेतलं असतं. ती हिशोब तपासावा तशी विचारत होती. "मग टाकली कशाला?"

आता इथे शहाण्या माणसाने काहीतरी थाप मारली असती. हात घसरला, चक्कर आली, काहीही. पण चेकरला वाटलं, पोरीशी खरं बोलावं. खरं बोललं की सगळं सुटतं, असं त्याला कोणीतरी कधीतरी सांगितलं असावं. सांगणाऱ्याचं वाटोळं होवो.

"माझ्या हाताला सवय आहे बघ. कारखान्यात खोकी येतात ना, त्यात वाकडं आलं की बाजूला टाकायचं असतं. दिवसभर तेच करतो मी. तो हात बघतच नाही कोणाचं आहे ते."

"वाकडं असलं की टाकायचं?"

"खोकी. खोकीच फक्त."

"आणि टाकलेल्यांचं काय करतात?"

"काही नाही. लगदा करतात." ते बोलून झाल्यावर त्याने जीभ चावली.

पोरीने मान डोलावली. शाळेत गणित समजलं की डोलवावी तशी. मग ती खुर्चीवरून उतरली, टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला आली आणि ओळीने ठेवलेल्या वस्तूंसमोर उभी राहिली. पहिली चांदणी उचलली, सहा टोकांची. बोटाने कडा चाचपल्या.

"ही वाकडी," ती म्हणाली आणि टोपलीत टाकली.

"अगं–"

"हा बेडूक. हा पण." टप. "ही बरी आहे, पण डिंक बाहेर आलाय. डिंक चालतो?"

"खारू, ठेव ती. मला आवडली ती. सगळ्या आवडल्यात."

"नाही चालत ना? मघाशी तिला पण डिंक होता." टप. मग चौथी. टप.

त्याला तिचा हात धरायचा होता. नुसतं मनगट धरलं असतं तरी थांबली असती. त्याचा हात निम्म्या वाटेवर गेला आणि तिथेच हवेत राहिला, कारण कोपऱ्यात पेन चाललं होतं, आणि जोरात हात धरला हे शब्द वहीत कसे दिसतील ते त्याला आधीच दिसलं. एकदा भुवई फोडलेल्या बापाने पोरीचं मनगट धरायचं नसतं. मग तिला थांबवायचं कसं, हे मात्र कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं.

टक्कल पडलेला गोंडा तिने हातात घेतला. क्षणभर थांबली. मुकादम होता तो. त्यावर दोघे इतके हसले होते. तिने तो बोटांनी दाबून पाहिला, एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. मग तोही टाकला.

टेबलावर राहिले ते काड्यांचे दोन तारे आणि चंदेरी कागदाचा एक गोळा. तिन्ही चेकरने केलेले, रेघ मारावी तसे सरळ. पोरीने ते एका ओळीत लावले.

"आता सगळे चांगले राहिले," ती म्हणाली. मग खिशातला रुमाल काढून नाक पुसलं. "वेळ झाली असेल का हो, बाबा?"

वेळ झालीच होती. बाईने पोरीला शेजारच्या काचेच्या खोलीत नेलं. शेवटच्या भेटीनंतर मुलाला एकट्याला विचारायचं असतं, तसा रिवाज होता. चेकर पॅसेजमधल्या बाकावर बसून राहिला. काचेतून पोरीची पाठ दिसत होती. ती काहीतरी म्हणाली. बाईने पुन्हा विचारलं. पुन्हा ती तेवढंच म्हणाली. मग पलीकडच्या दाराने बाईने तिला जिन्याकडे सोडलं आणि एकटीच परत आली.

"काय लिहिलंत?" चेकर उठून उभा राहिला.

"जे दिसलं ते."

"काय दिसलं तुम्हाला?"

बाईने वही उघडली. वाचून दाखवायची सक्ती नव्हती, पण तिने वाचलं. "मुलीने केलेली वस्तू वडिलांनी कचऱ्यात फेकली. नंतर मुलीने स्वतःच्या इतर वस्तू फेकल्या. वडिलांनी थांबवलं नाही."

"थांबवलं नाही? अहो, तुमच्या भीतीनं हात नाही धरला मी! धरला असता तर काय लिहिलं असतंत? मिठी मारली म्हणून लिहिलं असतंत?"

"आवाज खाली."

"आणि फेकली लिहिलंत. फेकली! मी फेकत नव्हतो, मॅडम. माझ्या हाताला सवय आहे. अकरा वर्षं उभा आहे तिथं. का फेकली ते लिहा ना. एक ओळ लिहा."

"का फेकली याला रकाना नाही," बाई म्हणाली. ती दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर बरं झालं असतं, तिला शिव्या तरी देता आल्या असत्या. तिचे डोळे दमलेले होते आणि खाली जिन्यात साडेपाचचं कुटुंब येऊन उभं होतं. "मी पहिला तासभर पण लिहिलाय. चांगला लिहिलाय. तुम्ही हसत होतात, ती हसत होती, सगळं. पण शेवटी मुलगी काय म्हणते त्यावर असतं. मी तिला विचारलं, नाताळला बाबांकडे जाशील का. ती नको म्हणाली."

"घाबरली मला?"

"नाही."

"रागावली?"

"नाही हो." बाईने वही मिटली. "ती म्हणाली, पुढच्या वर्षी जाईन. मला सरळ कापता यायला लागलं की."

चेकरने काचेच्या रिकाम्या खोलीकडे पाहिलं.

"मग ती येणार म्हणाली ना," तो म्हणाला. "हे हो झालं. पुढच्या वर्षी म्हणाली म्हणजे हो झालं की नाही, मॅडम?"

"मला ह्या वर्षाचं लिहायचंय."

"मग मला दोन मिनिटं द्या. जिन्यात असेल अजून. एक वाक्य सांगतो तिला, एकच, तुम्ही उभ्या राहा शेजारी, वही घेऊन उभ्या राहा."

"भेट संपली. खोलीबाहेर बोललात तर पुढचा अर्जही जाईल तुमचा. मला नका करायला लावू ते." तिने त्याच्यासमोर कागद धरला. "इथे सही करा. भेट मिळाली म्हणून."

त्याने सही केली. बाई खोलीत गेली आणि टोपली उचलून कोपऱ्यातल्या मोठ्या डब्यात ओतली, कारण पुढच्या कुटुंबाला खोली स्वच्छ लागते.

पॅसेजच्या टोकाला खिडकी होती, पक्की बसवलेली, न उघडणारी. चेकर तिथे जाऊन उभा राहिला. खाली फुटपाथवर चौकोनी फरश्या होत्या. पोरीची आई पुढे चालली होती, झपाझप, तिला बस गाठायची असावी. पोर मागे होती. ती एकेका फरशीत एकेक पाऊल टाकत होती, रेषेला न शिवता. सगळीच पोरं तशी चालतात, खेळच असतो तो. सात फरश्या झाल्या, आठ झाल्या. नवव्या फरशीवर तिचा पाय रेषेवर पडला.

ती थांबली. वाकून बुटाच्या टोकाकडे नीट पाहिलं. आईने पुढून वळून काहीतरी हाक मारली. काचेतून नुसतं तोंड हललेलं दिसलं. पोरीने तिकडे लक्ष दिलं नाही. ती वळली, इमारतीच्या दारापर्यंत सगळं अंतर मागे चालत आली, पहिल्या फरशीवर दोन्ही पाय जुळवून उभी राहिली, आणि तिने पुन्हा सुरुवात केली.